मुखपृष्ठावरची तारीख आणि गाळलेले नाव : जुन्या सुपरहिरो चित्रकथांच्या पुनर्मुद्रणाची गोष्ट

१/ ताम्रपट, शिलालेख आणि मोडी कागद यांविषयी आपण नेहमी बोलतो. आजचा धागा मात्र दहा सेंटला विकल्या गेलेल्या, वाचून रद्दीत टाकण्यासाठीच छापलेल्या कागदाविषयी आहे. अमेरिकेतील सुपरहिरो चित्रकथा, त्यांची पुनर्मुद्रणे आणि त्यांची मुखपृष्ठे. प्रश्न एकच : जुनी चित्रकथा पुन्हा छापली जाते तेव्हा काय परत येते आणि काय गाळले जाते?

२/ इतिहासाच्या विद्यार्थ्याला पहिला धडा मिळतो तो अस्सल आणि नक्कल यांतील भेदाचा. नक्कल निरुपयोगी नसते. कित्येकदा अस्सल नष्ट झाल्यावर तीच उरते. परंतु ती कोणी केली, केव्हा केली आणि कशासाठी केली, हे विचारल्याशिवाय तिच्यावर विसंबता येत नाही. हाच नियम चित्रकथेला लावून पाहू.

३/ आरंभीच एक विरोधाभास आहे. अमेरिकी कॉमिक बुक हा प्रकारच मुळात पुनर्मुद्रण म्हणून जन्माला आला. १९३३ साली ईस्टर्न कलर प्रिंटिंग या छापखान्याने वर्तमानपत्रांत आधीच छापून गेलेल्या चित्रपट्ट्या एकत्र करून 'फनीज ऑन परेड' ही पुस्तिका काढली. १९३४ मध्ये 'फेमस फनीज' दहा सेंटला विक्रीस आले. पुस्तिका नवी, मजकूर जुना, असा हा व्यवसाय सुरू झाला.

४/ सुपरमॅनही याला अपवाद नाही. जेरी सीगल आणि जो शूस्टर या क्लीव्हलँडच्या दोन तरुणांनी ही कथा वर्तमानपत्रातील पट्टीसाठी रचली होती. ती कोणी घेतली नाही. १९३८ मध्ये 'ॲक्शन कॉमिक्स'ला मजकूर हवा होता. तेव्हा पट्टीच्या चौकटी कापून, पानाच्या आकारात पुन्हा चिकटवून ती कथा तयार झाली. पहिल्या सुपरहिरोची पहिली कथाच अशी कातरकामातून उभी राहिली.

५/ त्या पहिल्या अंकाचे मुखपृष्ठ आज जगभर ओळखले जाते : हिरवी मोटार डोक्यावर उचलून खडकावर आदळणारा, लाल अंगरख्यातील पुरुष आणि भयाने पळणारी माणसे. चित्र शूस्टरचे. परंतु त्या काळी प्रकाशकाला या चित्राचा भरवसा वाटला नाही. दुसऱ्या ते सहाव्या अंकापर्यंत मुखपृष्ठावर सुपरमॅन नाही. तो पुन्हा दिसतो थेट सातव्या अंकावर. खप कशामुळे वाढतो आहे, हे कळल्यावर.

६/ म्हणून मुखपृष्ठ हे केवळ चित्र नव्हे. प्रकाशकाला काय विकले जाईल असे वाटत होते, याचा तो पुरावा असतो. आतील कथा लेखक-चित्रकाराविषयी बोलते. मुखपृष्ठ बाजाराविषयी बोलते. पुढे अनेक दशकांनी तेच मुखपृष्ठ पुनर्मुद्रित झाले, की ते पहिल्या दिवसापासूनच अजरामर होते असा भास होतो. मधल्या पाच अंकांतील शंका पुनर्मुद्रणात दिसत नाही.

७/ आता तारखेकडे वळू. 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकावर जून १९३८ असे छापले आहे. अंक विक्रीस आला तो एप्रिल १९३८ मध्ये. अंक दुकानात अधिक दिवस ताजा दिसावा म्हणून पुढचा महिना छापण्याची ती रीत होती. जो अभ्यासक मुखपृष्ठावरची तारीख जशीच्या तशी घेतो, तो घटनांचा क्रम चुकवतो.

८/ याचे सर्वांत बोलके उदाहरण 'कॅप्टन अमेरिका'चे. जो सायमन आणि जॅक कर्बी यांच्या पहिल्या अंकावर नायक हिटलरच्या जबड्यावर ठोसा हाणताना दिसतो. अंकावरची तारीख मार्च १९४१. पण तो डिसेंबर १९४० मध्येच दुकानांत पोहोचला होता. अमेरिका युद्धात उतरली डिसेंबर १९४१ मध्ये. म्हणजे हे चित्र युद्धकाळातील सरकारी प्रचार नव्हे. देश तटस्थ असताना दोन ज्यू तरुणांनी जाहीरपणे घेतलेली ती भूमिका होती.

९/ आज हे मुखपृष्ठ पुनर्मुद्रणांतून, भित्तिचित्रांतून आणि सदऱ्यांवरून आपल्यासमोर येते, तेव्हा ते सुरक्षित वाटते. हिटलरला शत्रू मानण्यात आता जोखीम काही नाही. त्या वर्षी होती. चित्रकारांना धमक्या आल्या होत्या. नक्कल चित्राची रेषा जपते, त्या रेषेमागचा धोका जपत नाही. तो इतिहासकाराने परत जोडायचा असतो.

१०/ मग जुने अंक गेले कुठे? एक तर ते टिकण्यासाठी छापलेच नव्हते. कागद वर्तमानपत्री, स्वस्त आणि लवकर पिवळा पडणारा. दुसऱ्या महायुद्धात कागद गोळा करण्याच्या मोहिमांत मुलांनीच आपले गठ्ठे दिले. पुढे १९४० च्या दशकाच्या अखेरीस काही गावांत चित्रकथांच्या जाहीर होळ्या झाल्या. १९५४ मध्ये मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम यांचे चित्रकथांवर आरोप करणारे पुस्तक आले, सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावणी झाली आणि त्याच वर्षी प्रकाशकांनी स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली.

११/ परिणाम असा, की १९६० च्या सुमारास वाढणाऱ्या वाचकाला १९४० च्या कथा पाहायला मिळणे जवळजवळ अशक्य होते. येथे पुनर्मुद्रणाचे दुसरे युग सुरू होते. १९६० साली 'सुपरमॅन ॲन्युअल'चा पहिला अंक आला : ऐंशी पाने, किंमत पंचवीस सेंट, मुखपृष्ठ कर्ट स्वॉन यांचे. आत सारा जुना मजकूर. प्रकाशकांचा हिशेब साधा होता. मुले काही वर्षांत मोठी होतात, वाचक बदलतो. त्यामुळे जुनी कथा नव्या वाचकाला नवीच.

१२/ या हिशेबाची एक बाजू उजेडात येत नव्हती. चित्रकाराला पानामागे एकदाच पैसे मिळत. कथा दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा छापली तरी वेगळा मोबदला देण्याची तेव्हा प्रथा नव्हती. मूळ चित्रेही प्रकाशकाकडेच राहत. म्हणजे पुनर्मुद्रण हा प्रकाशकाचा सर्वांत स्वस्त मजकूर होता. खर्च काय तो कागदाचा आणि एका नव्या मुखपृष्ठाचा.

१३/ १९६५ मध्ये व्यंगचित्रकार जूल्स फायफर यांनी 'द ग्रेट कॉमिक बुक हीरोज' हे पुस्तक काढले. त्यात जुन्या कथा होत्या आणि त्यांच्यासोबत एक दीर्घ निबंधही होता. पुठ्ठाबांधणीच्या, ग्रंथालयात ठेवता येईल अशा पुस्तकात सुपरहिरो प्रथमच 'भूतकाळ' म्हणून मांडला गेला. रद्दीचे साधनात रूपांतर होण्याचा तो एक महत्त्वाचा क्षण म्हणता येईल.

१४/ पुनर्मुद्रणाने एक मासिक जिवंत ठेवल्याचेही उदाहरण आहे. मार्व्हलच्या 'एक्स-मेन'चा खप घसरला आणि १९७० मध्ये ६६ व्या अंकानंतर नव्या कथा थांबल्या. परंतु अंक ६७ ते ९३ असे सुमारे साडेचार वर्षे निघत राहिले. आत जुन्याच कथा. १९७५ मध्ये 'जायंट-साइज एक्स-मेन'चा पहिला अंक आला. मुखपृष्ठ गिल केन आणि डेव्ह कॉक्रम यांचे : जुन्या चमूचे चित्र फाडून नवा चमू बाहेर उसळतो आहे. पुनर्मुद्रणाचे युग संपल्याची घोषणा याहून स्पष्ट कशी करणार?

१५/ गंमत पुढे आहे. १९८६ मध्ये त्या नव्या चमूच्याच कथा 'क्लासिक एक्स-मेन' या नावाने पुन्हा छापू लागले. मुखपृष्ठे नवी, आर्थर ॲडम्स यांची. पण जुन्या कथांमध्ये काही नवी पानेही घुसवली गेली, पुढील घटनांशी दुवा जुळावा म्हणून. ज्याने केवळ ही आवृत्ती वाचली, त्याला १९७५ चा वाचक काय वाचत होता हे नेमके कळणार नाही. बखरीच्या नकलेत नक्कलकाराने आपल्या पदरचा मजकूर घालावा, तसाच हा प्रकार. अशा भरीला आपण प्रक्षेप म्हणतो.

१६/ याच्या उलट टोकाला आहेत हुबेहूब प्रती. १९७४ मध्ये डीसीने 'फेमस फर्स्ट एडिशन' ही मालिका सुरू केली आणि तीत 'ॲक्शन कॉमिक्स'चा पहिला अंक जाहिरातींसकट जसाच्या तसा छापला. आकार मात्र मोठा, जवळजवळ वर्तमानपत्राच्या घडीएवढा, आणि वरून वेगळे जाड मुखपृष्ठ. काही लबाडांनी ते वरचे मुखपृष्ठ काढून आतला अंक अस्सल म्हणून विकला. संग्राहकांना आजही पहिला सल्ला दिला जातो तो हाच : आधी आकार मोजा.

१७/ जाहिरातींचा मुद्दा वरवर क्षुल्लक वाटेल. पण संग्रहरूप पुनर्मुद्रणांत पहिली कात्री लागते ती जाहिरातींनाच. वाचकपत्रे जातात, टपालाने मागवायच्या वस्तू जातात, किंमतही बदलते. कथा उरते, तिचा बाजार नाहीसा होतो. ज्याला त्या काळातील मुलांचे जग अभ्यासायचे आहे, त्याच्यासाठी कथेइतकीच ती जाहिरात मोलाची असते.

१८/ रंगांचेही तसेच. जुने रंग चार शाईंच्या ठिपक्यांतून, शोषक कागदावर छापलेले. त्यामुळे मऊ दिसत. तेच रंग पांढऱ्याशुभ्र गुळगुळीत कागदावर छापले की डोळ्यांत खुपतात. अनेक कथांच्या मूळ छापप्रती उरल्याच नव्हत्या. तेव्हा ग्रेग थीकस्टन यांच्या नावाने ओळखली जाणारी एक युक्ती वापरली गेली : जुन्या अंकाची पाने रसायनात घालून रंग उडवायचे, काळी रेषा ठेवायची आणि ती पुन्हा रंगवून छापायची. एक अस्सल अंक नष्ट झाल्याशिवाय त्याची नक्कल होत नसे.

१९/ आता या धाग्याच्या गाभ्याकडे येऊ : नावाकडे. सीगल आणि शूस्टर यांनी १९३८ मध्ये सुपरमॅनचे हक्क १३० डॉलरला दिले. तो धनादेश टिकून राहिला आणि २०१२ मध्ये लिलावात १,६०,००० डॉलरला विकला गेला. ज्या कागदाने त्यांचा हक्क गेला, तो कागदच त्या हक्काच्या मूळ किमतीहून बाराशे पटींहून अधिक दराने विकला गेला. इतिहासाला कडवट विनोद करण्याची सवय आहे.

२०/ १९४० च्या दशकाच्या अखेरीस दोघांनी खटला केला आणि त्यानंतर त्यांची नावे सुपरमॅनच्या कथांवरून उतरली. पुनर्मुद्रणे निघत राहिली, नावे नाहीत. १९७५ मध्ये सुपरमॅनवर मोठा चित्रपट येणार असल्याचे कळताच सीगल यांनी वर्तमानपत्रांना पत्रे लिहिली. चित्रकार नील ॲडम्स आणि जेरी रॉबिन्सन त्यांच्या पाठीशी उभे राहिले. त्या वर्षाच्या अखेरीस वॉर्नर कंपनीने दोघांना प्रत्येकी वार्षिक २०,००० डॉलर आणि 'निर्माते' म्हणून श्रेय देण्याचे मान्य केले. त्यानंतरच्या पुनर्मुद्रणांत नाव परतले.

२१/ बिल फिंगर यांच्या वाट्याला तेही आले नाही. १९३९ मध्ये बॅटमॅन साकारताना वेश, स्वभाव आणि कथा यांत त्यांचा मोठा वाटा होता. छापले जाई ते फक्त बॉब केन यांचे नाव. फिंगर १९७४ मध्ये वारले. डीसीने त्यांना श्रेय देण्याचे जाहीर केले ते २०१५ मध्ये. तोवर निघालेले प्रत्येक पुनर्मुद्रण एक अपुरी माहिती नव्याने, देखण्या मुखपृष्ठासह, पसरवीत होते.

२२/ जॅक कर्बी यांचा लढा मूळ चित्रांसाठी होता. १९८० च्या दशकात मार्व्हल जुनी चित्रे कलाकारांना परत करू लागली. परंतु कर्बी यांच्यापुढे इतरांपेक्षा कितीतरी लांबलचक आणि जाचक करारपत्र ठेवले गेले. अनेक कलाकारांनी जाहीर निषेध केला. १९८७ मध्ये त्यांना चित्रे मिळाली, ती सुमारे दोन हजार पाने; त्यांनी काढलेली पाने दहा हजारांच्या घरात होती. याउलट सुखद घटना २००८ ची. स्पायडर-मॅनच्या पहिल्या कथेची स्टीव्ह डिटको यांनी काढलेली मूळ पाने एका अनामिक दात्याने अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसला दिली. आता नक्कल अस्सलाशी ताडून पाहता येते.

२३/ मुखपृष्ठाची तारीख न्यायालयातही निर्णायक ठरू शकते. सीगल यांच्या वारसांनी हक्क परत मागितले, तेव्हा २००८ मध्ये न्यायालयाने पहिल्या अंकातील त्यांचा वाटा मान्य केला. परंतु त्या मुखपृष्ठाची कृष्णधवल प्रतिमा इतर मासिकांत जाहिरात म्हणून काही दिवस आधीच छापली गेली होती. कायद्याने ठरवलेल्या मुदतीच्या बाहेर ती अगदी थोडक्यात पडली आणि प्रकाशकाकडेच राहिली. पुढे २०१३ मध्ये वरच्या न्यायालयाने २००१ सालची तडजोड ग्राह्य धरून एकूण निकाल कंपनीच्या बाजूने दिला. एका मुखपृष्ठाच्या छोट्या नकलेवर वकिलांनी एवढा खल केला, हे ध्यानात ठेवा.

२४/ या कथेचा एक धागा मुंबईत येतो. मार्च १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनगृहाने 'इंद्रजाल कॉमिक्स' सुरू केले. ली फॉक यांचा 'फँटम' अमेरिकेत १९३६ पासून वर्तमानपत्रांत येत होता. तो मराठी वाचकाला 'वेताळ' म्हणून भेटला. येथेही पट्टीच्या चौकटी कापून पुस्तिकेच्या पानात बसवल्या गेल्या, काही गळाल्या. म्हणजे १९३८ च्या न्यूयॉर्कमधली युक्तीच पुन्हा वापरली गेली.

२५/ भारतीय आवृत्तीने बदलही केले. मूळ कथेतील प्रदेशाचे नाव बंगालची आठवण करून देणारे होते; येथे ते 'डेंकाली' झाले. चाच्यांच्या टोळीचे 'सिंग' हे नाव 'सिंगा' झाले. का, हे सांगायला नको. अमेरिकी लेखकाने रंगवलेला गूढ 'पूर्व' देश पूर्वेकडच्याच वाचकापुढे ठेवायचा होता. हा बदल म्हणजे पुनर्मुद्रकाने मूळ कथेवर अबोलपणे केलेली टीकाच आहे.

२६/ आणि मुखपृष्ठे? इंद्रजालच्या गाजलेल्या सुरुवातीच्या मुखपृष्ठांमागे गोविंद ब्राह्मणिया यांचा कुंचला होता. आतल्या रेषा परदेशी, वरचे रंगचित्र येथले. १९७६ मध्ये आबिद सुरती यांनी 'बहादूर' हा भारतीय नायक निर्माण केला, तेव्हा तो चितारला ब्राह्मणिया यांनीच. मालिका १९९० मध्ये थांबली. आज जुन्या अंकांची चित्रे समाजमाध्यमांवर सतत फिरतात, 'वेताळ' म्हणून. त्यांच्याखाली चित्रकाराचे नाव क्वचितच असते.

२७/ म्हणून जुन्या चित्रकथेचे पुनर्मुद्रण हाती आले, तर पाच प्रश्न विचारा. मुखपृष्ठ मूळचे की नंतरचे? तारीख विक्रीची की छापील? रंग कोणी आणि केव्हा भरले? पाने गाळली की घातली? आणि कोणाचे नाव आहे, कोणाचे नाही? पहिल्या चार प्रश्नांची उत्तरे तुम्हाला साधन समजावून देतील. पाचव्याचे उत्तर ते साधन कोणाच्या ताब्यात होते, हे सांगेल.

२८/ वि. का. राजवाडे घरोघर हिंडून दफ्तरे गोळा करीत होते, तेव्हा अनेकांच्या लेखी तेही जुने कागदच होते. चित्रकथांचे गठ्ठे त्या दफ्तरांच्या तोलाचे आहेत असा माझा दावा नाही. पण रद्दी आणि साधन यांत फरक पाहणाऱ्याच्या प्रश्नाचा असतो, एवढे खरे. तुमच्या घरी माळ्यावर इंद्रजालचा मराठी अंक असेल, तर तो विकण्यापूर्वी मुखपृष्ठाचे, शेवटच्या पानाचे आणि जाहिरातींचे छायाचित्र घ्या. आणि ते येथे टाकताना, चित्रकाराचे नाव ठाऊक असेल तर आधी ते लिहा. धागा समाप्त.